नानांच्या मापाची बॅग

झिपरूनाना मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते एका बॅगेत होते.

बॅग त्यांच्या हातात होती, असं मला म्हणायचं नाही. ते आत होते. मेहरूणमध्ये तलावाच्या अलीकडच्या गल्लीत आम्ही नुकतंच बिऱ्हाड आणलं होतं. रविवारची सकाळ. मी ओट्यावर गहू वाळत घालत होते. सहज शेजारच्या ओट्याकडे नजर गेली, तर तिथे तपकिरी रेक्झिनचं एक भलंमोठं गोल प्रकरण पडलेलं, आणि त्याच्या वरच्या तोंडातून एक पिकलेलं डोकं, एक झुपकेदार मिशी आणि दोन अत्यंत शांत डोळे बाहेर आलेले.

"जय भीम, ताई," डोकं म्हणालं. "जराशी चेन लावी दे ना."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. गहू पायरीवरून थेट गल्लीत गेले.

"चेन लावी दे, अन् माले ह्या वट्टावरथीन खाले लोटी दे. हाळूच नको. दन्नकन लोट."

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून आमचे हे तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आले. डोक्याने त्यांनाही जय भीम केला आणि तीच विनंती पुन्हा केली. आमचे हे इतके भिडस्त, की समोरच्याने काही मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. ते खरोखरच चेन लावायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरून मागे ओढलं नसतं, तर आज हे लिहायच्या ऐवजी मी पोलिसांत जबाब देत बसले असते.

दोघांनी मिळून नानांना बॅगेतून उपसून काढलं. गुडघे पोटाशी घेऊन ते इतके नेमके आत बसले होते, की निघता निघेनात. बाहेर आल्यावर त्यांनी धोतर झटकलं, मिशी सारखी केली आणि आम्ही काही विचारायच्या आत स्वतःच खुलासा केला.

त्याचं असं झालं होतं. नाना बँडवाले. बँडमधल्या सगळ्यात मोठ्या पितळी बाज्यासाठी त्यांना जाड अस्तराची बॅग हवी होती. अजिंठा चौफुलीजवळच्या एका सीट कव्हरवाल्याने शिवून द्यायचं कबूल केलं आणि माप आणायला सांगितलं. बाजा तेव्हा दुरुस्तीला गेलेला. नाना म्हणाले, बाजा माझ्या अंगाभोवती बसतो, म्हणजे माझं माप तेच बाज्याचं माप. त्या बिचाऱ्या कारागिराने टेप लावून नानांची छाती मोजली, खांदा ते कंबर मोजलं, बॅग शिवली आणि वर फोमही भरला.

"बाजा बठना नही, ताई," नाना खेदाने म्हणाले. "मी बठनू."

आता शिवलीच आहे तर निदान फोम तरी तपासून पाहावा, असा त्यांचा साधा हिशेब होता. मी खाली बसून गहू वेचायला लागले. असा शेजार मिळाल्यावर दुसरं घर बघावं का, हा विचार माझ्या मनात त्याच दिवशी येऊन गेला हे मी लपवत नाही.

आता बाज्याबद्दल सांगायला हवं, कारण बाज्याशिवाय नाना म्हणजे कुणीच नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. वरातीत तुम्ही तो पाहिला असेल. वाजवणाऱ्याच्या अंगाला पितळी नळी वेढा घालून वर जाते आणि डोक्यावर तिचं एवढं मोठं तोंड उघडतं की त्यात तान्हं मूल आरामात झोपेल. तो चाल वाजवत नाही. खालून नुसता पों-पों असा ठेका धरतो. मी पहिल्यांदा त्याला 'भोंगा' म्हणाले तेव्हा नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला काही बोलले होते.

"भोंगा गिरनीवर ऱ्हास," ते म्हणाले. "हाऊ बाजा शे."

नानांचं मूळ गाव साक्रीकडचं. जळगावात येऊन जन्म गेला, पण बोली बदलली नाही. बँडमध्ये पोरवयात शिरले ते बाज्याच्या आडच वाढले. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची रीत एकच: यात दम आहे का?

"दम शे का?" हे ते कशालाही विचारतात. माझा चहा पिऊन म्हणतात, "गोड शे, पन दम नही." जयंतीच्या मिरवणुकीनंतर कुणा पुढाऱ्याचं भाषण झालं, तर म्हणाले, "आवाज शे, दम नही." भाजीवाल्याच्या हातगाडीवरची काकडी ते मोडून बघतात आणि नुसता आवाज ऐकून ठेवून देतात. आमचे हे एकदा गच्चीवर शिंकले. खालून नानांचा आवाज आला, "दम शे!" हे आठवडाभर त्या एका वाक्यावर छाती काढून फिरत होते.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. या माणसाने आयुष्यभर वराती वाजवल्या, पण त्यांना एकाही गाण्याची चाल येत नाही. येतो तो चालीखालचा पों-पों. नळावर पाणी भरताना, बाज्याचं पितळ चिंचेने घासताना त्यांचं ते चालूच असतं. मधेच थांबून मला विचारतात, "सांग ताई, कोनतं गानं?" आता पों, प-पों, पों यावरून कुणी गाणं ओळखावं? मी काहीतरी ठोकून देते. ते साफ चूक असतं. मग नाना मान हलवत म्हणतात, "तुम्हीन लोके नुसतं वरवरनं आयकतस." वर्षानुवर्षं जे गाणं आपण ऐकलं त्याचं बूड आपल्याला ठाऊकच नाही, हे कळून मीही जरा हादरलेच. पण म्हणून कुणी नळावर परीक्षा घ्यावी?

तर बॅग. बॅगेचं एवढं मनावर का घेतलंय, हे मला नानांच्या पुतण्याने सांगितलं. संदीप त्याचं नाव. आईवडील लवकर गेले, नानांनी आणि काकूंनी त्याला वाढवलं. काकूही आता नाहीत. बँड संदीपच चालवतो. एक दिवस तो आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि आधी त्या रेक्झिनच्या प्रकाराबद्दल माफी मागून घेतली.

"ताई, आमच्यात एक पद्धत आहे," तो म्हणाला. "टेम्पोत ढोल एकावर एक लागतात, छोटी वाद्यं खुंटीला टांगतो. हा एक बाजा कुठेच ठेवता येत नाही. उभा ठेवला तर तोंडाची कड वाकते, आडवा ठेवला तर नळी दबते. म्हणून एका माणसाने बसायचं आणि तो मांडीवर घ्यायचा. गाव येईपर्यंत तसंच."

तो माणूस म्हणजे नाना. दम होता तोवर वाजवायचेही तेच आणि मांडीवर घ्यायचेही तेच. मग दम्याने गाठलं. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली. तेव्हापासून वाजवतो संदीप, पण नाना टेम्पोत जातातच. वाटेत बाजा मांडीवर धरायचा, गावात पोचलं की संदीपच्या अंगावर चढवायचा, वरात संपली की उतरवून परत मांडीवर घ्यायचा. लग्नातलं जेवण झालं की घरी.

मी तोंडाला हात लावला. इतके दिवस मला वाटत होतं नाना अजून वाजवतात.

"गेल्या हंगामात साक्रीहून येत होतो," संदीप पुढे म्हणाला. "रस्त्यात म्हैस आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. काका पुढच्या लोखंडी पट्टीवर आदळले. कुणीही माणूस हात पुढे करतो ना ताई, पडताना? त्यांनी हात सोडलेच नाहीत. गळ्याजवळचं हाड मोडलं. आम्ही उचलायला गेलो तर म्हणे, पहिले बाजाले पाहा रे."

"आणि बाजा?"

"बाज्याला काही नाही. ओरखडासुद्धा नाही." संदीपचा आवाज चढला. "मला नको असा बाजा, ताई. मी म्हटलं, बॅग आणायची. बाजा बॅगेत, काका घरी. पण सांगणार कोण? म्हणून काकांशी करार केला. बॅग तुम्हीच पसंत करा. तुम्ही पसंत करेपर्यंत तुम्ही टेम्पोत. पसंत केली की घरी बसायचं. काका हो म्हणाले."

म्हणजे हा माणूस स्वतःची जागा घेणारी वस्तू स्वतःच शोधत फिरत होता. मी नानांना सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

ते बाजा पुसत होते. पुसतच राहिले. "हां, थैली गावनी का मी घर बठसू," ते म्हणाले. "अन् घर बठीसन काय करसू? भित्तासले दम शे का, ते पाहासू?"

मी घरात गेले आणि चहा केला. चहात दम नाही हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

रेक्झिनची बॅग बाद झाल्यावर संदीपने माझ्याकडे शब्द टाकला, की ताई, तुमच्या मोबाइलवरून मागवून बघा, काका तुमचं ऐकतात. हे साफ खोटं होतं, पण मी मागवली. काळी, जाड, आत मऊ अस्तर. पार्सल येताच नानांनी ती ओट्यावर पसरली. पहिल्यांदा वास घेतला. मग कोपर रुतवून पाहिलं. मग तिच्यावर दुपारची झोप काढली. उठून म्हणाले, "झोप चांगली लागनी. पन पडीसन पाहानं पडी."

पडून पाहायचं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर गच्चीच्या जिन्यावरून धाड, धाड, धाड असा आवाज खालपर्यंत आला. मग शांतता. स्वयंपाकघरात पाहिलं, तर फडताळातली माझ्या सासूबाईंची चिनी मातीची बरणी जागेवर नव्हती. वर्षाच्या लोणच्यासकट नव्हती.

मी ओल्या केसांनी धावले. जिन्याच्या पायथ्याशी बॅग, बॅगेशेजारी नाना उकिडवे बसलेले आणि आमचे हे वरच्या पायरीवर, आताच काहीतरी ढकलल्यासारखे हात पुढे करून उभे. नानांनी सावकाश चेन उघडली. बरणी धडधाकट होती. फडक्याने बांधलेल्या तोंडातून तेलाचा थेंब आला नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले.

"वा!" आमचे हे म्हणाले. "नाना, झाली की बॅग पसंत!"

नानांनी बरणी कानाशी नेऊन हलवली. "बरनी वाचनी," ते म्हणाले. "पन आतना लोनचाले इचार, त्याले कसं वाटनं."

बॅग नापसंत. परत पाठवताना मोबाइलवर कारण निवडायचं असतं. रंग आवडला नाही, माप चुकलं, वगैरे. नाना खांद्यावरून वाकून बघत होते. "तठे लिख, दम नही," म्हणाले. मी 'इतर' निवडलं. आमच्या ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग धुळ्याची फेरी झाली. तिथे आग्रा रोडला वाद्यांचं एक जुनं दुकान आहे आणि त्यांच्याकडे बॅगा आल्यात, असं संदीपला कळलं. त्याला सवड नव्हती. मला धुळ्याला मावशीकडे जायचंच होतं, म्हणून नानांना सोबत घेतलं. एस.टी.त त्यांच्याजवळ काहीही सामान नव्हतं. तरी ते दोन्ही गुडघे फाकवून, हात समोर गोल धरून बसले. शेजारी बसायला आलेल्या बाईने दोनदा "सरका" म्हटलं. नाना सरकले, आणि थोड्या वेळाने गुडघे पुन्हा होते तिथे आले. हात मात्र धुळ्यापर्यंत तसेच होते. मला हसू आलं होतं. पारोळ्याच्या पुढे ते थांबलं.

दुकानाचे शेठ मोठे अगत्याचे. अंगाने भरलेले, बोलण्यात गोड. त्यांनी बॅगा काढल्या. एकीला चाकं होती. नाना म्हणाले, "चाकं कसाले? बाजा काय भाजीपाला शे?" दुसरीचा रंग काळाकुट्ट. "आंधारामा त्याना जीव घाबरी." तिसरी मात्र त्यांनी बराच वेळ चाचपली. मग दुकानातलाच एक बाजा तिच्यात घालायला लावला, शेठना स्टुलावर बसवलं आणि भरलेली बॅग त्यांच्या मांडीवर दिली.

"नीट धरा," नाना म्हणाले. "आते तुम्हीन टेम्पोमा शेतस."

शेठ हसले. गिऱ्हाईकाचं मन राखायला त्यांनी दोन्ही हातांनी बॅग धरली. नाना त्यांच्या पाठीमागे गेले. पुढे काय होणार हे मला अर्ध्या क्षणाआधी कळलं, पण "नाना, नको!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी स्टूल मागे खेचलं.

शेठ फरशीवर बसले. म्हणजे पडलेच. बॅग सरकत काउंटरवर जाऊन आपटली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नाना बॅगेची चेन उघडून आतल्या बाज्यावरून बोटं फिरवत होते. बाजा शाबूत होता. मग ते शेठकडे वळले आणि अगदी मनापासून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "शेठ, तुम्हीन हात सोडी दिधात."

शेठ देवमाणूस. त्यांनी कंबर चोळत उठून आम्हाला चहा पाजला. मी शंभरदा माफी मागितली. नानांनी चहा पिऊन, "दम शे," असा निकाल दिला आणि निघताना बॅग परत केली.

"पण बाज्याला काही झालं नाही ना?" मी रस्त्यावर येऊन ओरडले. "मग काय वाईट आहे तिच्यात?"

"वाईट नही," नाना म्हणाले. "थैली चांगली शे. पन थैलीले हात नही, ताई."

परतीच्या एस.टी.त मी विचार केला. जगात कुठल्याच बॅगेला हात नसतात. म्हणजे कुठलीच बॅग कधीच पसंत पडणार नव्हती. नाना बनवाबनवी करत होते का? मला वाटत नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. पण त्याचा परिणाम एकच होता, आणि तो मला मनापासून आवडला. टेम्पोत नानांची जागा राहणार होती.

त्या दिवसापासून मी फितूर झाले. संदीप बॅगेचे फोटो पाठवायचा आणि मी खोड काढायचे. हिची चेन गंजेल. हिचा पट्टा खांद्याला काचेल. हिचं कापड पावसात दगा देईल. मला बॅगेतलं काय कळतं? पण तोंड उघडलं की कारण तयार. आमचे हे माझ्याकडे बघतच राहायचे. संदीपच्याही ते लक्षात आलं.

"ताई, तुम्हीसुद्धा?" तो एकदा म्हणाला. "त्यांचं हाड आता कुठे जुळलंय. पुढच्या वेळी डोकं आदळलं तर?"

त्याचंही खरं होतं, आणि नानांचंही. अशा वेळी माझी फार चिडचिड होते. मी संदीपवरच डाफरले, की एवढी काळजी आहे तर ड्रायव्हर बदल. तो निघून गेला.

तुळशीचं लग्न झालं. हंगामाची पहिली वरात पारोळ्याची होती. तिच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, संदीप सुरतेहून मागवलेली बॅग घेऊन आला आणि आमच्या ओट्यावर ठेवली. बाजा आणला आणि आत बसवला.

तो बसला तो हललाच नाही. जिथे नळीचा वळसा तिथे तशीच खोलगट खोबण. जिथे तोंड तिथे वेगळा कप्पा. सगळीकडून बोटभर जाड अस्तर. इतकी चांगली बॅग असू शकते हे मला माहीत नव्हतं.

नाना खाली बसले. या खेपेला वास घेतला नाही, कोपर रुतवलं नाही, बरणी मागितली नाही. बाजा आणि बॅग यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि नळीच्या वळणावळणाने सावकाश फिरवत नेला. मला ते बघवेना.

"नाना, शिलाई कच्ची दिसतेय हं," मी पुढे होऊन म्हणाले. "आणि हा पट्टा बघा, किती बारीक. एका हंगामात तुटेल. नकोच ही. परत पाठवू."

नानांनी वर पाहिलं. रागावले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "बाजासमोर खोटं नको बोलू."

माझा चेहरा खर्रकन उतरला. घरातसुद्धा मला असं कुणी कधी बोललेलं नाही.

"चांगली शे," नाना म्हणाले. मग संदीपकडे बघून पुन्हा म्हणाले, "चांगली थैली शे रे. दम शे."

संदीपने खूश व्हायला हवं होतं. महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी खटपट केली ते वाक्य शेवटी त्याला मिळालं होतं. पण तो ओट्याच्या कडेवर बसला आणि पायांकडे बघत राहिला. नानांचा हात अजून आतच होता. तो एका जागी जाऊन थांबला. मागे आला, पुन्हा तिथेच गेला.

"आठे जराशी कमी शे," ते म्हणाले. "तोंडनी कड चेनले लागस."

माझा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर! संदीप, परत कर ही!"

आणि संदीप, जो माझ्याशी याच गोष्टीवरून भांडला होता, तो ताडकन उठला. "हो काका, परत करतो. उद्या टेम्पोत तुम्हीच चला. ही काय बॅग आहे? कड लागते म्हणजे काय?"

तो हे बोलताना त्याच्याकडे बघून मी थक्क झाले. आम्ही दोघंही नानांच्या तोंडाकडे आशेने बघत होतो. एक मान हलली असती तर काम झालं असतं.

"परत कसाले?" नाना म्हणाले. "एवढासाठे?"

ते उठून घरात गेले. आत ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा एक लाल कोट होता. खांद्यावर सोनेरी जर, छातीवर पितळी बटणांची दुहेरी रांग. बँडचा कोट. तो अंगात घालून ते वाजवायचे. मी तो कधी पाहिला नव्हता. संदीपने मात्र पाहताक्षणी ओळखला, कारण तो "काका" एवढंच म्हणाला.

"तुनाकडे मशीन शे ना, ताई?" नानांनी कोट माझ्या हातात दिला. "ह्याले कापीसन घडी कर अन् तठे शिवी दे. जाड शे. आत अस्तर शे."

"नाना, कोट कापायचा?" मी म्हणाले. "तुमचा कोट? मी गोधडीचा तुकडा देते, नवा फोम आणते, पाहिजे तेवढं..."

"नको. नवाले काय कळस?" ते म्हणाले. "इतला वरीस मना अन् बाजाना मझार हाऊच व्हता. त्याले ठावका शे, कोठे लागस ते."

संदीप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मशीनवरची कात्री आणली. कोटाची बाही हातात धरली आणि कात्री चालेना. मला रडू येत होतं आणि ते लपवायचीही शक्ती नव्हती. नाना माझ्या समोर मांडी घालून बसले. बाही, छाती, पाठ, सगळं त्यांनी एकदा डोळ्यांखालून घातलं. मग माझ्या हातातली कात्री त्यांनी बाहीवरून उचलून कोटाच्या छातीवर आणून ठेवली.

"पहिले बटनं काढी ले," ते म्हणाले. "पितळना शेतस. बाजाले ओरखडा पडी."

मी एकेक बटण कापत गेले, आणि नाना ओंजळ पुढे धरून ती घेत राहिले.